‘तुझ्या बायकोला एवढी घाई कसली?’

वाचक मैत्रिणीचं पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी मूळची सांगलीची, वय 38, कॅलिफोर्नियात राहते. नवरा फिलिपिनो-अमेरिकन, जन्म इथलाच, तीन भावंडांत धाकटा. आम्हाला सहा आणि तीन वर्षांच्या दोन मुली आहेत. सासूबाई 77 वर्षांच्या. फिलिपिन्समधल्या बातांगासहून त्या तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या. सासरे अमेरिकी नौदलात होते, चार वर्षांपूर्वी गेले. डेली सिटीत त्यांचं 1986 साली घेतलेलं घर आहे. मोठी नणंद लग्न न करता आईजवळच राहते, मधले दीर नेवाडात असतात. बातांगासला सासूबाईंच्या वडिलांची जमीन आणि घर आहे. तिथे त्यांचा धाकटा भाऊ राहतो. कागद कोणाच्या नावावर आहेत, ते कोणालाच माहीत नाही.

दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. हॉस्पिटलात निर्णय कोणी घ्यायचा यावरून नवरा आणि नणंद कॉरिडॉरमध्येच भांडले. सासूबाई घरी आल्यावर रविवारच्या जेवणात मी म्हटलं, ‘आता ट्रस्ट आणि मृत्युपत्र करून टाकू या, नाहीतर घर कोर्टात अडकेल.’ सासूबाईंनी हातातला डाव सिनिगांगच्या पातेल्यात ठेवला, टेबलाच्या लाकडावर तीनदा टकटक केलं आणि ‘जेवा’ म्हणाल्या. रात्री नणंदेचा नवऱ्याला मेसेज आला, ‘तुझ्या बायकोला एवढी घाई कसली?’ मी बँकेत काम करते, अशी अडकलेली घरं रोज बघते. त्यांच्याकडे मरणाबद्दल बोलणं अशुभ मानतात. सासऱ्यांशेजारची कोल्माची जागा सासूबाईंनी स्वतःसाठी घेऊन ठेवली आहे, दगडावर नावही कोरून झालं आहे, पण कागदाचं नाव काढू देत नाहीत. हा अंधविश्वास मोडायचा कसा? की सून म्हणून गप्प बसू?

*

पत्र वाचून झाल्यावरही तो पातेल्यात ठेवलेला डाव माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. तुम्ही चांगल्या मनाने बोललात, आणि जे बोललात ते खरंही आहे. तरी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला पटलेली नाही, तिथूनच सुरुवात करते.

सासूबाई मरणाबद्दल बोलायला घाबरतात असं तुम्ही धरून चालला आहात. लाकडावरची टकटक तुम्हाला त्याचा पुरावा वाटली. आपल्याकडे तिन्हीसांजेला कोणी वेडंवाकडं बोललं की आजी म्हणायची, ‘असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते.’ टकटक म्हणजे तेच. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण पुढे तुम्हीच लिहिता की त्यांनी कोल्माला स्वतःसाठी जागा घेऊन ठेवली आहे. इतर वाचकांसाठी सांगते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान फ्रान्सिस्कोने आपली कबरस्तानं शहराबाहेर काढली, ती डेली सिटीला लागून असलेल्या कोल्मात आली. तिथे राहणारी माणसं दीड हजारांच्या आसपास आणि पुरलेली सुमारे पंधरा लाख. ज्या बाईने त्या गावात नवऱ्याशेजारी स्वतःचं नाव दगडावर कोरून घेतलं, ती मरणाचा उच्चार टाळते असं कसं म्हणायचं?

आणखीही आठवून बघा. सासरे गेले तेव्हा घरात नऊ रात्री प्रार्थना झाली असेल, चाळिसाव्या दिवशी पुन्हा सगळे जमले असतील. 1 नोव्हेंबरला, उन्दासला, डबे घेऊन कबरीपाशी जाऊन बसणारी ही माणसं. शिवाय सासूबाई नर्स. तुम्ही आणि मी मिळून जेवढी मरणं पाहू, त्याहून जास्त त्यांनी एकेका वर्षात वॉर्डात पाहिली असतील. त्यांना मरण अनोळखी नाही.

मग डाव खाली का ठेवला? मला वाटतं, त्यांना ऐकू आली ती वाटणी.

वाटणी हा शब्द आपल्याला तरी कुठे सहज ऐकवतो? आपल्याकडे वाटणी झाली म्हणजे भांडण झालं, चूल वेगळी झाली, ओटीवर मधोमध भिंत आली. भावंडांचं धड चाललं असताना वाटण्या झाल्याचं कोणी सांगत नाही. तुमच्या सासूबाईंनी तीन मुलांना एका टेबलाशी बसवून वाढलं आणि तेवढ्यात कोणीतरी त्या टेबलाचे तीन तुकडे करायची गोष्ट काढली. तीही दोन महिन्यांपूर्वी कॉरिडॉरमध्ये दोन मुलं भांडलेली असताना. ते भांडण त्यांच्या कानावर गेलं नसेल असं समजू नका.

आता बोललं कोण, तेही बघा. तुमचा हेतू मी जाणते, पण त्या टेबलाशी या घरावर सगळ्यात कमी हक्क असलेली व्यक्ती तुम्ही होतात. फिलिपिनो घरात ‘हिया’ नावाची गोष्ट असते, आपली लाज, संकोच आणि भीड एकत्र केली तर तिच्या जवळपास जाता येईल. चारचौघांत आईला पैशाचा प्रश्न विचारला जाणं ही तिच्यासाठी हिया आणि तो सुनेने विचारणं ही मुलांसाठी. आपल्याच सांगलीच्या घरात तुमच्या वहिनीने तुमच्या आईला पंक्तीत विचारलं असतं, ‘आई, मृत्युपत्र केलंत का?’ तर तुम्हाला कसं वाटलं असतं? वहिनी बँकेत असती तरीही?

तुमच्या नणंदेच्या मेसेजकडेही जरा वेगळ्या नजरेने बघा. तुम्हाला तो टोमणा वाटला. मला त्यात भीती दिसते. ती ज्या घरात झोपते त्याबद्दल तुम्ही बोलत होतात. आईला औषधं तीच देते, रात्री उठते तीच. घरावर तिचं नाव आहे का, आई गेल्यावर तिने कुठे जायचं, हे तिला आजवर कोणी सांगितलेलं नाही. ‘घर कोर्टात अडकेल’ हे तुमच्यासाठी एक प्रकरण, तिच्यासाठी डोक्यावरचं छप्पर. तिने घाईचा आरोप केला, कारण ‘माझं काय?’ असं विचारणं तिला जमलं नाही. (तागालोगमध्ये मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात, आपण वडिलांच्या बहिणीला म्हणतो. तुमच्या नवऱ्याची आते ही तुमच्या मुलींचीही आतेच की. मला हे फार आवडलं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.)

तर पहिलं काम तुमच्या नवऱ्याचं आहे. त्याने आतेशी एकट्याने बोलायचं, आणि ट्रस्टबद्दल नाही. हॉस्पिटलात आवाज चढवल्याबद्दल माफी मागायची आणि चार वर्षं आईचं सगळं ती करते आहे ते मी पाहतो आहे, असं तोंडाने म्हणायचं. पाहिलेलं असतं, पण धाकटे भाऊ ते बोलत नाहीत. त्यानंतर फक्त एक प्रश्न: ‘आईनंतर तुला कुठे राहायला आवडेल?’ उत्तर लगेच येणार नाही. येईल तेव्हा मधे न बोलता ऐकायचं आणि नेवाडातल्या मोठ्या भावालाही ते कळू द्यायचं. तिन्ही भावंडांचं हे बोलणं आईसमोर जाण्याआधी व्हायला हवं. आईसमोर पुन्हा वाद झाला तर हा विषय कायमचा मिटेल.

या सगळ्यात तुम्ही कुठे? गप्प बसा असं मी सांगणार नाही. तुम्हाला एक काम करता येईल, आणि ते तुम्हीच करू शकता. तुम्हा दोघांचं इच्छापत्र झालं आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. सहा आणि तीन वर्षांच्या मुली आहेत. उद्या तुम्हा दोघांना गाडीत काही झालं तर त्यांना कोणी सांभाळायचं, ते तुम्ही लिहून ठेवलेलं नसेल तर न्यायाधीश ठरवेल. डेली सिटीची आते की सांगलीचे आजी-आजोबा, याचा तुमच्या मनातला कौल कोर्टाला कसा कळणार?

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा मी माझं इच्छापत्र केलं आणि बाबांना म्हटलं, ‘साक्षीदार म्हणून सही कराल का?’ त्यांनी चष्मा लावून दोन पानं सावकाश वाचली, सही केली आणि काही न बोलता झोपायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी कपाटातली पत्र्याची पेटी आणून ठेवली. आत एलआयसीच्या पॉलिसी होत्या, पतपेढीच्या पावत्या होत्या, घराचं खरेदीखत होतं आणि या सगळ्याला बांधलेलं एक रबरबँड. ते इतकं जुनं झालं होतं की कागदाला चिकटून वितळलं होतं, नखाने खरवडून काढावं लागलं. बाबांना मी त्यांच्या पैशाबद्दल कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पेटी बाहेर आली नसती, एवढं मला नक्की ठाऊक आहे.

सासूबाईंकडे असंच जा. ‘आम्ही आमचं करतोय, मुलींसाठी तुमचा सल्ला हवा आहे. आम्ही नसलो तर त्यांना कोणाजवळ ठेवू? त्यांचा धर्म, त्यांची भाषा, काय जपावं असं तुम्हाला वाटतं?’ लोलाला, म्हणजे आजीला, नातींबद्दल मत नसेल असं होणार नाही. हा डावपेच म्हणून करू नका. तुम्हाला त्यांचं मत खरंच हवं असायला हवं, आणि मला वाटतं ते हवं आहेच.

शब्द कोणता वापरता याकडेही लक्ष द्या. आपण मराठीत ‘मृत्युपत्र’ सोडून ‘इच्छापत्र’ म्हणायला लागलो, कारण पहिल्या शब्दात मरण आधी येतं आणि माणूस मागाहून. तागालोगमध्ये कायद्याचा शब्द ‘तेस्तामेंतो’ आहे, तो घरात कोणी उच्चारत नाही. पण ‘बिलिन’ हा रोजचा शब्द आहे: आई बाजारात जाताना मुलांना सांगून जाते ना, भात उतरवून ठेव, धाकटीला एकटं सोडू नको, तसं सांगून ठेवणं म्हणजे बिलिन. आणि मागच्यांसाठी ठेवून जायचं ते ‘पामाना’. नवऱ्याने आईला ‘इस्टेटीचं काय?’ असं न विचारता ‘मा, तुझे काही बिलिन आहेत का आमच्यासाठी?’ असं विचारलं तर तो वाटणी मागणारा मुलगा राहत नाही. आई बाहेर निघाली आहे आणि तो दारात उभा आहे, एवढंच ते होतं.

आता कागदांचं. घाई नको म्हणाले तरी तुमची काळजी अनाठायी नाही, हे आकड्यांत सांगायला हवं. कॅलिफोर्नियात नुसतं इच्छापत्र असलं तरी घर बहुधा प्रोबेटमध्ये, म्हणजे वारसांकडे मालमत्ता सोपवण्याच्या कोर्टाच्या प्रक्रियेत जातं. तिथली वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे: पहिल्या 1 लाख डॉलरवर 4 टक्के, पुढच्या 1 लाखावर 3, पुढच्या 8 लाखांवर 2 टक्के. म्हणजे 10 लाख डॉलरच्या घरावर 23 हजार, आणि व्यवस्था पाहणाऱ्यालाही तेवढीच मागता येते, मिळून 46 हजार. हे घराच्या पूर्ण किमतीवर, कर्ज वजा न करता. एप्रिल 2025 पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपी पद्धत आली आहे, पण डेली सिटीतलं घर त्या मर्यादेत बसणं कठीण. म्हणून लोक हयातीतच ट्रस्ट करतात. तो कधीही बदलता येतो, मोडता येतो, घर सासूबाईंच्याच ताब्यात राहतं. हे वाक्य त्यांना मुद्दाम सांगा, कारण ‘ट्रस्टला दिलं’ म्हणजे हातातून गेलं अशी समजूत फार असते. आणि ट्रस्टच्या कागदावर सही झाली पण घराचा दस्त ट्रस्टच्या नावे नोंदवलाच नाही, असंही पुष्कळदा होतं. मग सगळा खर्च पाण्यात. जाता जाता त्या दस्तावर सासऱ्यांचं नाव अजून आहे का, तेही पाहून घ्या.

आतेसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. 1978 पासून कॅलिफोर्नियात घरपट्टी खरेदीच्या किमतीवरून ठरते आणि वर्षाला फार तर 2 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे 1986 साली घेतलेल्या घराची पट्टी आज शेजारच्या नव्या मालकाच्या मानाने अगदी थोडी असणार. 16 फेब्रुवारी 2021 पासून नियम बदलला: आईवडिलांच्या घराची ही जुनी पट्टी पुढे चालू ठेवायची तर मुलाने वर्षाच्या आत ते स्वतःचं राहतं घर करायला हवं. त्यातही बाजारभाव जुन्या करमूल्याच्या फार वर गेला असेल तर काही भागावर नव्याने पट्टी लागते. आते तिथेच राहते, तिला हा फायदा मिळू शकतो. तुम्हाला किंवा नेवाडातल्या दिरांना तिथे राहायला न जाता तो मिळणार नाही. म्हणजे घर आतेकडे ठेवण्याला भावनेपलीकडेही कारण आहे. तिला घर आणि बाकीच्यांना दुसरं काही, किंवा तिला हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर तिघांचा समान वाटा, किंवा भावांचे वाटे तिने सावकाश फेडायचे, असे मार्ग वकील लिहून देऊ शकतात. तिघांना सारखं म्हणजेच न्याय, असं मला वाटत नाही. जिने आईसाठी आयुष्याची वर्षं दिली तिच्या पारड्यात थोडं जास्त पडलं तर तुम्ही आणि तुमच्या नवऱ्याने ते मनापासून मान्य करावं, आणि आधीच तसं बोलून दाखवावं.

पण हे सगळं नंतर. सगळ्यात आधी करायचा कागद पैशाचा नाहीच. मी बोलू शकले नाही तर माझ्या उपचारांचा निर्णय कोणी घ्यायचा, हे सांगणारा आरोग्य-निर्देश. कॅलिफोर्नियात तो दोन साक्षीदारांसमोर किंवा नोटरीसमोर सही केली की झाला, वकील लागत नाही. सासूबाई नर्स आहेत, व्हेंटिलेटर आणि नळ्या म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे. त्यांचं मत ठाम असणार. त्यांना फक्त विचारा. या कागदात कोणाचा वाटा कमी होत नाही, म्हणून त्यावर बोलणं सोपं जातं, आणि कॉरिडॉरमधलं भांडण पुन्हा व्हायचं नाही.

आता बातांगास. इथे मी थोडा अंदाज करते आहे, चुकला तर सोडून द्या. मला वाटतं, सासूबाईंच्या छातीवरचं ओझं डेली सिटीचं नाही, हे आहे. त्या अमेरिकेला गेल्या, धाकटा भाऊ मागे राहिला. म्हाताऱ्या आईवडिलांचं त्याने केलं. त्यांनी डॉलर पाठवले, दर वर्षी बालिकबायान बॉक्समध्ये साबण, कॉफी, चॉकलेटं भरून पाठवली, पण आईच्या उशाशी तो होता. याला फिलिपिनो ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, मनातलं ऋण, पैशाने न फिटणारं. त्या भावाकडे ‘कागद दाखव’ म्हणून कसं मागायचं? जमीन माझीही आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि काहीच म्हटलं नाही तर आपल्या मुलांचा हक्क आपण परस्पर सोडला असं होतं का? या पेचात अडकलेलं माणूस गप्प राहतं. मला हा पेच परका वाटत नाही. आमच्या कोकणातल्या गावी सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव पहिलं आहे आणि त्याखाली वारसांची एवढी नावं की तलाठ्याने पुरवणी पान जोडलं आहे. मुंबईला गेलेल्यांनी कधी विचारलं नाही, गावी राहिलेल्यांनी कधी सांगितलं नाही, आणि दोघांचंही मन साफ होतं.

फिलिपिन्समध्ये अशी अडकलेली घरं किती असतील याची कल्पना एका गोष्टीवरून येते. थकलेला वारसा-कर सवलतीत भरता यावा म्हणून तिथल्या सरकारने 2019 मध्ये माफी योजना आणली आणि तिची मुदत 2021 आणि 2023 मध्ये वाढवावी लागली. 2018 पासूनच्या मृत्यूंना हा कर सरसकट 6 टक्के आहे, त्याआधी गेलेल्यांना त्यांच्या मृत्यूच्या वेळचा दर आणि वर दंड. सासूबाईंचे वडील इच्छापत्र न करता गेले असतील आणि कर्ज नसेल तर सगळ्या वारसांनी मिळून कोर्टाबाहेर समझोत्याचा दस्त करता येतो. तो वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा असा सलग तीन आठवडे छापावा लागतो. सासूबाईंना त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. कॅलिफोर्नियात मुखत्यारपत्र नोटरी करून त्यावर राज्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का घेतला की चालतं. फिलिपिन्सला 14 मे 2019 पासून अपोस्टिल मान्य आहे, पूर्वीसारखं वकिलातीत लाल फीत लावायला जावं लागत नाही. जमीन भावालाच देऊन टाकावी असं त्यांच्या मनात असेल तर तेही याच दस्तात होईल. मात्र हक्कसोड कोणत्या शब्दांत लिहिली त्यावर कर बदलतो, म्हणून तिथल्या वकिलाला विचारून.

तुमच्या नवऱ्यासाठी दोन-तीन गोष्टी. फिलिपिन्सच्या 1987च्या संविधानाप्रमाणे परकी नागरिकाला तिथे जमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळते. तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा प्रश्नच येत नाही असं कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. (आपल्याकडेही तेच की, परदेशी गेलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलांची वारशाने येते. तुमच्या सांगलीच्या रानाला हे लागू आहे.) दुसरं, तिथल्या कायद्यात ‘लेहितिमा’ आहे: मालमत्तेचा अर्धा भाग औरस मुलांसाठी राखून ठेवलेला असतो, इच्छापत्राने तो काढून घेता येत नाही. पण कोणाला किती मिळणार हे गेलेल्या माणसाच्या राष्ट्रीयत्वाच्या कायद्यावरून ठरतं. म्हणून सासूबाई फक्त अमेरिकी नागरिक आहेत की 2003च्या कायद्याखाली त्यांनी फिलिपिनो नागरिकत्व परत घेतलं आहे, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आणि सासूबाई-सासऱ्यांनी पूर्वी कधी एकत्र इच्छापत्र केलेलं सापडलं तर त्यावर विसंबू नका. नवरा-बायकोचं मिळून एक इच्छापत्र तिथे चालत नाही.

कायद्याहून मला तातडीचं वाटतं ते वेगळं आहे. ती जमीन कुठून कुठपर्यंत आहे, कोणत्या भावंडाने कधी किती पैसे घातले, अमिल्यार म्हणजे तिथला जमिनीचा कर कोण भरतं, हे अमेरिकेतल्या तुमच्या घरात एकट्या सासूबाईंना माहीत आहे. परवाचा झटका सौम्य होता. नवऱ्याने एखाद्या दुपारी फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांना गावाबद्दल बोलतं करावं. वाटणीचं एक अक्षर न काढता. विहीर कुठे होती, आंब्याचं झाड कोणी लावलं, शेजारी कोण. जमिनीच्या चतुःसीमा अशाच गप्पांमधून कळतात, आणि हे ऐकायला आते, दीर, तुमच्या मुली कोणीही बसलं तरी चालेल.

तुमच्या आईबाबांचं काय, हेही विचारल्याशिवाय राहवत नाही. सांगलीत इच्छापत्र झालं आहे? नसेल तर आधी तिथे फोन लावा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून होतं, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. आणि तो फोन करताना तुमचा आवाज कसा अडखळतो ते लक्षात ठेवा. नंतर सासूबाईंना सांगा, ‘मी माझ्या बाबांनाही विचारलं, मलाही जड गेलं.’ तुमच्यात आणि त्यांच्यात त्या रविवारी जे तुटलं ते या एका वाक्याने जोडलं जाईल असा मला भरवसा वाटतो. जमलं तर त्या दिवशी पंक्तीत बोलले ते चुकलं, असंही म्हणा. त्यांना ते पुरेल, त्यावर फार बोलायला लावू नका.

यानंतरही त्या गप्प राहिल्या तर? महिना-दोन महिने राहू द्या. आरोग्य-निर्देशाखेरीज दुसऱ्या कशासाठी मागे लागू नका. 1 नोव्हेंबरला कोल्माला जाल तेव्हा सगळे त्या दगडाशी बसाल, डबे उघडाल, मुली इकडेतिकडे पळत असतील. सासूबाईंना काही सांगायचं असेल तर तिथे सांगतील. सांगितलं नाही तरी जेवून परत या.

नवऱ्याचा आतेला फोन मात्र याच आठवड्यात जाऊ द्या. आईची पुढची तपासणी कोणत्या तारखेला आहे ते विचारून, ‘या वेळी मी घेऊन जातो, तू घरी झोप’ एवढं म्हणायला.